चाळीस दात्यांचं पातं

चंद्रपूरच्या गोल बाजारात आमच्या दुकानी करवतीचं गोल पातं घ्यायला माणसं यायची ती थेट बैलबाजारातून आल्यासारखी. आधी दात मोजायची. बैल दोन दाती आहे का चार दाती, हे तोंड उघडून बघितल्याशिवाय आमच्याकडे कोणी दावं हातात घेत नाही. तीच नजर पात्यावर.

"हे किती दाती आहे भाऊ?"

"साठ."

"अन् ते?"

"चोवीस."

"मंग साठवालंच द्या. जास्तीचं कोन सोडते?"

पंचवीस वर्षं मी त्या काउंटरमागे उभा होतो. शेठ गल्ल्यावर बसायचे, आणि यंत्रसामानाचा भाग माझ्याकडे. पाती विकायची, बोथट झालेली पाती कानशीनं घासून धारेला आणायची, दाते एक डावीकडे एक उजवीकडे असे किंचित वाकवून द्यायचे. गिऱ्हाइकं मला मेश्रामभाऊ म्हणायची. माझ्या मागे काय म्हणायची ते मला ठाऊक आहे, पण दिवाळी अंक घरात लहान मुलंही वाचतात.

बाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगतो. टेबल-करवत म्हणजे एक भक्कम टेबल, त्याच्या मधोमध एक चीर, आणि त्या चिरेतून अर्धं वर आलेलं, मोटरवर फिरणारं गोल पातं. लाकूड आपण ढकलायचं, पातं जागेवरच. दिसायला सोपं. सगळी गोम पात्यात. लाकडाच्या रेषांच्या दिशेनं उभं चिरायचं असेल तर दाते थोडे आणि दोन दात्यांतली खाच मोठी हवी, कारण भुसा लांबलांब निघतो आणि त्याला बाहेर पडायला वाट लागते. आडवं कापायचं असेल, किंवा तेव्हा कोळसा खाणीच्या क्वार्टरांमधून नव्यानंच दिसू लागलेलं सनमायका लावलेलं प्लायवूड कापायचं असेल, तर दाते बारीक आणि पुष्कळ. साठ दात्यांचं पातं ओल्या सागाच्या उभ्या चिराईला लावलं की भुसा खाचांत अडकतो, पातं तापतं, लाकूड काळं पडतं आणि जळका वास सुटतो. पंगतीत वाढपी जास्त झाले की कोणाच्याच पानात वेळेवर भात पडत नाही, तसलाच प्रकार. मी हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो. गिऱ्हाईक मान हलवायचं आणि साठचंच घेऊन जायचं. मग पंधरा दिवसांनी जळक्या फळीचा तुकडा घेऊन परत यायचं आणि म्हणायचं, "तुमचं पातं खोटं आहे."

वडशाचे एक सुतार तर फळीचा तुकडाही न आणता आले. वडसा म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांचं माहेर. थंडीत गावोगाव नाटकं, आणि स्टेजच्या फळ्या कापायला या सुताराची टेबल-करवत. नवं पातं नेलं आणि आठव्या दिवशी हजर. "कापतच नाई. नुसता धूर देते. पर्वा नाटक आहे." चांदा फोर्ट स्टेशनवरून छोट्या लाईनच्या गाडीनं त्यांच्यासोबत गेलो. बघतो तर पातं उलटं बसवलेलं. दात्यांची तोंडं आपल्याकडे हवीत ती पलीकडे. नवं पातं आणल्यावर ज्या बाजूला कंपनीचं नाव त्या बाजूला त्यांनी हळदकुंकू लावून पूजा केली होती, आणि पूजेची बाजू लोकांना दिसावी म्हणून ती बाहेर घेतली होती.

"पलटवा," मी म्हटलं.

"देवाचं तोंड भिंतीकडे करू का?"

मी बौद्ध घरचा. आमच्याकडे हत्यारांची पूजा नाही. दसऱ्याला अख्खा गोल बाजार पाने-हातोड्यांना झेंडू वाहायचा तेव्हा मी नागपूरला दीक्षाभूमीवर असायचो. पण त्या दिवशी त्या पात्याच्या दुसऱ्या बाजूला कुंकू मीच लावलं, कारण सुताराचे हात तेलाचे होते. दोन्हीकडे देव झाल्यावर पातं पलटवायला त्यांची हरकत राहिली नाही. नाटक वेळेवर झालं. मला पुढच्या रांगेत बसवलं होतं.

अशा गोष्टी सांगायला लागलो की मी कसा शहाणा आणि गिऱ्हाईक कसं भोळं, असंच सगळं ऐकू येतं. म्हणून लटारीभाऊंची गोष्ट सांगायचं ठरवलं आहे. त्यात भोळा कोण ते तुम्हीच ठरवा.

आमचा जिल्हा तेव्हा नुकताच तुटून दोन झाला होता. चामोर्शी गडचिरोलीत गेली, पण तिकडची माणसं यंत्राच्या सामानाला अजून आमच्याकडेच यायची. चामोर्शीजवळच्या एका खेड्यात लटारी आणि पत्रू हे दोघे भाऊ आऱ्यावर लाकूड चिरायचे. आरा म्हणजे दोन्ही टोकांना मुठी असलेली लांबलचक करवत. ओंडका उंच लाकडी घोडीवर चढवायचा. एक जण ओंडक्यावर उभा राहून आरा वर ओढणार, दुसरा खाली उभा राहून खाली ओढणार. वरच्यानं गेरूच्या रेघेवर नजर ठेवायची आणि खालच्यानं ताकद लावायची. जंगलखात्याच्या डेपोतून पास घेऊन आणलेला साग असो की कोणाच्या बांधावरच्या बिजाचं लाकूड, ह्या दोघांनी चिरलेल्या फळीला रंधा कमी लागतो अशी त्यांची ख्याती होती.

लटारीभाऊ थोरले. ते कायम वर. पत्रूभाऊ चार वर्षांनी धाकटे, कायम खाली. दुसरीकडे आरेवाले दिवसाआड जागा बदलतात. इथे तशी सोय नव्हती, कारण धाकट्याचे पाय थोरल्याच्या डोक्यावर कसे येणार? हे कोणी ठरवलं नव्हतं, कोणी बोललंही नव्हतं. पहिल्या दिवशी लटारीभाऊ वर चढले आणि पत्रूभाऊ खाली थांबले, त्याला तीस वर्षं झाली होती. वरून पडणारा सगळा भुसा तीस वर्षं खाली उभ्या माणसाच्या तोंडावर पडत होता.

हे सगळं मला नंतर कळलं. लटारीभाऊ पहिल्यांदा दुकानात आले ते पोळ्याच्या सुमारास. वडशाच्या एका फर्निचरवाल्याची जुनी टेबल-करवत त्यांनी घेतली होती, पाच हॉर्सपॉवरच्या मोटरसकट. पातं तेवढं नव्हतं. उंच, सडपातळ, डोक्याला पांढरा दुपट्टा, आणि बोलणं इतकं हळू की गिऱ्हाइकाच्या गर्दीत त्यांना मी दोनदा "काय?" म्हणालो.

"अठरा इंची पातं पायजे. उभ्या चिराईचं."

मला बरं वाटलं. दात न मोजता कामाचं बोलणारा माणूस. मी छत्तीस दात्यांचं काढून ठेवलं. त्यांनी ते उचललं, भोकात बोट घालून अधांतरी धरलं, मडकं वाजवतात तसं बोटाच्या पेरानं वाजवलं आणि कान देऊन ऐकलं. आवाज छान लांब गेला.

"किती दाती?"

"छत्तीस."

त्यांनी पातं खाली ठेवलं. "छत्तीसचा आकडा नको भाऊ. घरात दोघं भाऊ रायतो आमी."

मी हसलो. तेही थोडे हसले आणि एस्टी गाठायला निघून गेले.

पुढच्या खेपेला मी तीस दात्यांचं दाखवलं. जाड आहे म्हणाले, लाकूड फार खाईल. हे खरं होतं. पातं आपल्या जाडीएवढं लाकूड भुसा करून टाकतं. दहा फळ्या काढल्या की एका फळीचा भुसा झालेला असतो. तिसऱ्या खेपेला पातळ दाखवलं तर म्हणाले, ऐनाच्या लाकडातल्या गाठीवर हे थरथरेल. हेही खरं. चौथ्या खेपेचं पातं मला स्वतःला आवडलं होतं, पण त्यावर छाप वाघाचा.

"याले आमी घरी नाई नेत."

"अहो, चित्र आहे ते!"

"चित्र आहे. पन त्याचं नाव आमी घेत नाई, अन् तुमी फोटो देऊन राह्यले."

मी म्हटलं, "लटारीभाऊ, पोरगी पाहायला निघालेला माणूसही इतकी खोट काढत नाही हो."

"पोरगी आपल्या घरी येते भाऊ," ते म्हणाले. "हे पातं आलं की कोनीतरी घरातून जाते."

मला वाटलं, म्हातारा बोटांबद्दल बोलतो आहे. गोल पात्याला सगळेच घाबरतात. मी त्यांना ढकलायची काठी कशी वापरायची ते दाखवलं आणि विषय संपवला.

शेठ आता चिडवायला लागले होते. लटारीभाऊ पायरी चढताना दिसले की म्हणायचे, "मेश्राम, तुझे सोयरे आले." मीही पेटलो. या माणसाला खोट काढता येणार नाही असं पातं आणून दाखवायचंच. नागपूरच्या व्यापाऱ्याला त्यांच्या मोटरचा वेग, भोकाचं माप, साग-बिजा-ऐन सगळं लिहून कळवलं. अठरा इंची, चाळीस दात्यांचं, मध्यम जाडीचं, उभ्या चिराईसाठी घासलेलं पातं आलं. दाते मी स्वतः पुन्हा तपासले, दोन ठिकाणी कानस मारली. आयुष्यात हाताखालून गेलेल्या पात्यांत ते पहिल्या पाचांत येईल. छाप कमळाचा होता.

लटारीभाऊंनी ते घेतलं. वाजवलं. उजेडाकडे धरून एक डोळा मिटून पाहिलं. प्रत्येक दात्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा वाजवलं. मग काउंटरवर ठेवलं. मी चहा मागवला.

"काय खोट आहे?" मी विचारलं. आवाजात थोडा माज होता, कबूल करतो.

"खोट नाई. म्हनून तं नेता येत नाई."

आणि मग चहा थंड होईपर्यंत त्यांनी सांगितलं. ते वर, पत्रू खाली, तीस वर्षं. पत्रूचे डोळे आता कायम लाल. पाणी गळतं. सायंकाळी जेवणाच्या ताटात मीठ कुठे आहे ते त्याला चाचपावं लागतं.

"माह्या भुश्यानं गेले त्याचे डोळे. आता मशीन आली. मशीनले एकच मानूस लागते. मी पातं घेऊन गेलो, तं त्याले काय सांगू? डोळे दिले माह्या कामासाठी, अन् आता घरी बस म्हनू? दुसरं काम त्याले कोन देईन?" दुपट्ट्यानं त्यांनी तोंड पुसलं. "मशीन तं घेतली हौसेनं. ताडपत्री टाकून ठेवली आहे. गाव विचारते. मी सांगतो, पातं भेटून नाई राह्यलं."

खोटं सांगत नाही, मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याबरोबर स्वतःबद्दल फार चांगलंही वाटलं. इतक्या हळव्या मनाच्या माणसाला मी चिडवत होतो! मी ते पातं तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि काउंटरखाली सर्वांत आतल्या कप्प्यात ठेवलं.

"हे तुमचंच," मी म्हटलं. "दुसऱ्याला देत नाही. घरी सांगा, मेश्रामकडे माल आलेला नाही. हवं तेव्हा न्या."

त्यांनी माझा हात हातात घेतला. मला वाटलं, आपण मोठं काम केलं.

चार महिने ते पातं काउंटरखाली होतं. मध्ये लटारीभाऊ दोनदा येऊन गेले. आम्ही चहा प्यायलो, धानाची गोष्ट केली, पात्याचं नाव काढलं नाही. दोन समजूतदार माणसं एकमेकांसमोर बसली होती याचं मला फार समाधान वाटायचं.

होळीच्या सुमारास एक बुटका, रुंद खांद्यांचा माणूस दुकानाची पायरी पायानं चाचपत वर आला. डोळे इतके लाल की मला आधी वाटलं, सणाची घेऊन आला आहे. काउंटरची कड धरून त्यानं विचारलं, "मेश्रामभाऊ कोन आहे?"

"मीच."

"मी पत्रू. लटारीचा भाऊ. आमच्या दादाले पातं काऊन नाई देऊन राह्यले तुमी?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती थांबून ऐकायला लागली.

"पोळ्यापासून चकरा मारून राह्यला माहा दादा. घरी येते अन् म्हनते, माल नाई आला. नागपूरची गाडी बंद आहे का? द्यायचं नसन तं नाई म्हना, आमी नागपूरले जातो."

लटारीभाऊंना दिलेला शब्द होता. जिभेवर जे आलं ते बोललो. "आलं ना. आजच आलं." आणि खाली वाकून पुडकं काढून काउंटरवर ठेवलं.

पत्रूभाऊंनी त्याच्यावरून हात फिरवला. बोटं चोळली. नाकाशी नेली.

"आज आलं?"

"हो."

"भाऊ, मी तीस वर्सं भुश्यातला मानूस आहे. डोळ्यानं कमी दिसते, पन धूळ मले समजते. ही धूळ चार महिन्याची आहे."

दोन्ही गिऱ्हाइकं मोठ्यानं हसली. गल्ल्यावरून शेठही हसले. दात मोजणाऱ्यांची पंचवीस वर्षं थट्टा केली मी, आणि माझी चोरी पकडली बोटाला लागलेल्या धुळीनं.

त्यांनी पुडकं सोडलं. पातं वाजवलं नाही, उजेडाकडे धरलं नाही. एका खाचेत अंगठा घालून तिची खोली बघितली आणि विचारलं, "याचा भुसा कुठी पडते?"

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. माणसं दात विचारायची, जाडी विचारायची, किती दिवस टिकेल ते विचारायची.

"बहुतेक टेबलाखाली," मी म्हटलं. "थोडा वर उडतो."

"अन् टेबलाखाली कोन रायते?"

"कोणीच नाही."

"कोनीच नाई?"

"कोणीच नाही, पत्रूभाऊ."

त्यांनी खाचेतला अंगठा काढला. लाल डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण ते तर कायमच गळायचं. मग हळू आवाजात, अगदी लटारीभाऊंसारखं, त्यांनी विचारलं, "मंग दादा काऊन थांबला?"

शब्द दिलेला होता हे मी विसरलो नव्हतो. पण तो पाळायचा कशासाठी तेच आता कळेना. मी सगळं सांगितलं. आतला कप्पा, वर्तमानपत्र, चार महिने, चहा.

पत्रूभाऊ हसायला लागले. हसताना त्यांना ठसका लागला, शेठनी पाणी दिलं.

"मी कई म्हनलं नाई त्याले का मले वर येऊ दे. कसं म्हनू? थोरल्याच्या डोक्यावर पाय देऊ का? मशीन आली तवा मी मनात म्हनलं, सुटलो. मंग पातं येईना. मले वाटलं, दादाले आऱ्याची माया आहे, त्याच्या हातचं कसब आहे ते, सुटत नसन. म्हनून मीबी चूप राह्यलो. अन् हा माह्यासाठी थांबला!" मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "अन् हे तिसरे शहाने!"

तिसरा शहाणा मान खाली घालून पुडकं परत बांधायला लागला.

खरी चूक मात्र मला अजून कळायची होती. ती कळली चामोर्शीच्या वाटेवर. वडशाचं उलटं पातं आठवून मी स्वतः बसवून द्यायला निघालो होतो; शेठनी एका दिवसाची सुट्टी दिली, बहुधा मला दुकानाबाहेर काढायला. एस्टीत पातं मांडीवर होतं. कंडक्टरनं विचारलं, "कोनाचा वध करायले निंगाले?" शेजारी पत्रूभाऊ. मूल गाव मागे पडल्यावर ते म्हणाले, "मशीनवर चिरताना लांब फळी पलीकडे गेली, तं पडत नाई का ते खाली?"

पडते. अर्थातच पडते. दहा फुटी फळी पात्यातून अर्धी पुढे गेली की तिचं टोक झुकतं, चीर आवळते, पातं अडकतं, आणि कधीकधी फळी उसळून ढकलणाऱ्याच्या पोटात येते. म्हणून पलीकडे एक माणूस लागतोच. फळी धरायची, सरळ ओढून घ्यायची. हे मी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगायचो. लटारीभाऊ माझ्यासमोर बसून "मशीनले एकच मानूस लागते" म्हणाले तेव्हा एक वाक्य बोललो असतो, "भाऊ, लांब लाकडाला दोन लागतात," तर ते पातं त्याच दिवशी गेलं असतं. पण मी तेव्हा पुडकं बांधण्यात गुंतलो होतो. चांगुलपणाच्या भरात मी धंदा विसरलो.

पुढचं आधीच सांगून टाकतो. त्या उन्हाळ्यात पत्रूभाऊंना मी चंद्रपूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. उजवा डोळा औषधानं सावरला. डावा गेला. मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, चार महिने आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, तीस वर्षांचं नुकसान आहे, त्यातल्या चार महिन्यांचा हिशोब कोणी सांगू शकणार नाही. त्यांनी मला दिलासा देण्यासाठी हे सांगितलं असावं. मला तो मिळाला नाही, अजूनही मिळालेला नाही. मी निवृत्त होईपर्यंत टेबल-करवतीचं पातं मागणाऱ्या प्रत्येकाला आधी लाकूड विचारलं नाही, दाते विचारले नाहीत. "पलीकडून फळी कोण धरणार?" एवढंच विचारलं. बरीच गिऱ्हाइकं मला थोडी वेडी समजायची.

त्या दिवशी आम्ही त्यांच्या अंगणात पोचलो तेव्हा लटारीभाऊ ओंडक्याला गेरूची रेघ मारत होते. आधी मला बघितलं, मग पत्रूच्या काखेतलं पुडकं. त्यांचा चेहरा पडला. कोणी काही बोलायच्या आधीच पत्रूभाऊ म्हणाले, "दादा, टेबलाखाली कोनी रायत नाई. मी विचारून आलो. अन् फळी धरायले पलीकडे मानूस लागते. तो मी."

लटारीभाऊ माझ्याकडे बघत राहिले.

"लागतो," मी म्हटलं. "मी सांगायला विसरलो."

"विसरले?"

"हो."

एवढ्यावर त्यांनी मला सोडून दिलं. दुसऱ्या कोणी सोडलं नसतं.

ताडपत्री निघाली. कुंकू लावलं गेलं, या वेळी माझ्या सांगण्यावरून दोन्ही बाजूंनी. मी दात्यांची दिशा तीनदा तपासली, नट आवळला आणि मोटर चालू केली. आधी एक तुकडा चिरून दाखवला. मग सागाची सात फुटी फळी टेबलावर आली. लटारीभाऊ अलीकडे, पत्रूभाऊ पलीकडे, दोघेही त्याच जमिनीवर. पातं लाकडात शिरलं. आवाज बरोबर होता, वास बरोबर होता, भुसा टेबलाखाली पडत होता आणि तिथे एक कोंबडी सोडून कोणी नव्हतं. फळी पलीकडे गेली, पत्रूभाऊंनी हातांनी टोक शोधलं आणि धरलं. आऱ्याची सवय, ओढण्याचा अंदाज एकदाही चुकला नाही.

फळी दुभागली. मी मोटर बंद केली. पत्रूभाऊ फळी हातात धरून तसेच उभे होते, मान थोडी पुढे काढून, भर उन्हात त्या लाल डोळ्यांनी समोर बघत.

"काय पाहून राह्यला?" लटारीभाऊंनी विचारलं.

"तुह्यं तोंड," पत्रूभाऊ म्हणाले. "तीस वर्सं मी तुह्ये तळपायच पाह्यले, दादा. चिरताना तू जीभ बाहेर काढते, हे मले मालूमच नव्हतं."

लटारीभाऊंनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ. मग दुसरी फळी टेबलावर ठेवली आणि मला मोटर चालू करायची खूण केली. पातं फिरलं, फळी सरकू लागली. अर्ध्यावर गेली तेव्हा त्यांची जीभ पुन्हा बाहेर आलेली होती, आणि पलीकडे फळी धरून पत्रूभाऊ ती बघत होते.